नव्या औषध दुकानदारास
नाशिकच्या गोळे कॉलनीतील घाऊक विक्रेत्याकडून माल आला की, काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळले तरी चालेल, परंतु बिलावरील बॅच क्रमांक आणि मुदत प्रत्येक खोक्याशी ताडून पाहिल्याशिवाय सही करू नका. जादा सवलतीच्या मोहाने मीही एकदा अल्प मुदतीचा साठा भरला होता. त्यातील निम्मा कपाटातच मुदतबाह्य झाला. म्हणून मांडणीत आधी आलेले नव्हे, तर आधी मुदत संपणारे औषध पुढे ठेवावे.

इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिले पाहिजे. नाशिकच्या मे महिन्यात वीज गेली की सर्वांना उन्हाची धास्ती वाटते, पण फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकून गोठलेली कुपीही तितकीच निकामी होते, आणि वितळल्यावर ती वरवर चांगली दिसू शकते. थर्मामीटरची नोंद दिवसातून दोनदा घ्यावी.

शेड्यूल एच-१ मधील, म्हणजे काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील व सवय लावणारी औषधे असलेल्या कायद्यातील यादीतल्या, औषधांसाठी डॉक्टर, रुग्ण, औषध आणि दिलेली संख्या यांची वेगळी नोंदवही ठेवून ती ३ वर्षे जपणे बंधनकारक आहे.

विक्रीनंतर कोणी “गोळी सुरू केल्यापासून अंगावर पुरळ उठले” असे सांगत आला, तर “उष्णतेचे असेल” म्हणून त्याला वाटेला लावू नका. औषध, बॅच, सुरू केल्याची तारीख आणि सोबतची इतर औषधे लिहून घ्या, त्याला तातडीने डॉक्टरांकडे पाठवा आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा.