डोक्यावर पदर घेऊनच ती बोलत होती

जय ख्रिस्त, मावशी. मी मिरजेत नर्स आहे, राहायला सांगलीच्या बाजूला. लग्नाला अकरा वर्षं झाली, नऊ वर्षांची मुलगी आहे. माझे मिस्टर वर्षभरापासून एका प्रार्थना गटात जातात. तेव्हापासून घरातसुद्धा मी सतत डोक्यावर ओढणी घ्यावी असा त्यांचा हट्ट आहे. ड्युटीवरून आल्या आल्या घेतली नाही तर बोलणं बंद. महिला मंडळात मी प्रार्थना चालवायचे, तेही थांबवलं. म्हणतात, 'नवरा हा बायकोचं मस्तक आहे. ओढणी म्हणजे तू माझ्या अधिकाराखाली आहेस याची खूण.' तीन महिने झाले, माझं एटीएम कार्डही त्यांच्याकडेच आहे. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी सुना सासऱ्यांसमोर पदर घ्यायच्याच की, त्यात काय एवढं. मला उपासनेत पदर घ्यायला लहानपणापासून आवडतं. पण आता ओढणी हातात घेतली की छातीत धडधडतं. मी बायबलचं वचन मोडते आहे का? आणि ते मुलीलाही ओढणी घ्यायला लावतात. तिला काय सांगू?
– तुमची एक भाची, सांगली जिल्हा

जय ख्रिस्त, बाळा.

तू वचन मोडत नाहीस. हे आधी सांगते, कारण ही धडधड घेऊन तू रात्रपाळी करत असशील, आणि मला ते सहन होत नाही.

तुझ्या मिस्टरांनी ज्याचा आधार घेतलाय तो बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय; हे पत्र प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलं. तो तू स्वतः उघड आणि पाचव्या वचनापाशी थांब. पौल तिथे ज्या बाईबद्दल लिहितो ती काय करते आहे? ती चार लोकांत प्रार्थना करते आहे, संदेश देते आहे. तिने मस्तक झाकावं असं पौल सांगतो ते ती बोलत असताना. म्हणजे त्या मंडळीत बाईचा आवाज होता, पौलाने तो गृहीत धरला होता, आणि डोक्यावरचा पदर त्या आवाजासोबत आला होता. तुझ्या घरी ओढणी चढली आणि प्रार्थना बंद झाली. त्या अध्यायाच्या नेमकं उलट झालं, ग.

तुझे मिस्टर त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायातलं 'स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं' हे वचन पुढे करतील. करू देत. तोच अध्याय थोडा वरून वाचायला सांग. अन्य भाषेत बोलणाऱ्याजवळ अर्थ सांगणारा नसेल तर त्याने गप्प राहावं, दुसऱ्याला देवाकडून प्रकटीकरण झालं तर पहिल्याने गप्प राहावं, हेही तिथेच आहे. सभेत गोंधळ माजला होता आणि पौल तो आवरत होता. बाईने प्रार्थना कशी करावी हे अकराव्यात समजावणारा माणूस चौदाव्यात तिची प्रार्थनाच बंद करील, हे मला पटत नाही.

आता करिंथ. जुनं शहर रोमनांनी उद्ध्वस्त केलं होतं, इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवलं. पौलाच्या काळात तिथे रोमन रीत चाले. यज्ञ करताना रोमन पुरुष अंगावरच्या वस्त्राचं टोक डोक्यावर ओढून घ्यायचा, आणि लग्न झालेल्या घरंदाज बाईचं झाकलेलं डोकं ही तिच्या प्रतिष्ठेची खूण होती. पौलाने पुरुषांना सांगितलं, प्रार्थनेत डोकं उघडं ठेवा. बायकांना सांगितलं, झाका. नियम दोघांना होता, प्रसंगही दोघांना एकच होता: देवासमोर उभं राहणं. ड्युटीवरून दमून आलेल्या बाईने भाकरी थापताना काय घालावं, याबद्दल त्या अध्यायात एक अक्षर नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी टाकून देत नाही. सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत सून सासऱ्यांसमोर, थोरल्या दिरासमोर पदर घेते. हिंदू घरांत घेते, आपल्या ख्रिस्ती घरांतही घेत आली. त्यात मान आहे, आणि पुष्कळ घरांत माया पण आहे. पण तो पदर माणसांसमोरचा, आणि उपासनेतला पदर देवासमोरचा. तुमच्या घरात या दोन्हींचा गुंता झालाय. गावची रीत वचनाचं नाव घेऊन आली की तिच्यापुढे बोलता येत नाही, म्हणून तू वर्षभर गप्प आहेस.

अकराव्या अध्यायातलं देवदूतांचा उल्लेख असलेलं दहावं वचन अवघड आहे, मोठमोठे अभ्यासक त्यावर एकमताने बोलत नाहीत. अशा वचनावर कुणी आपल्या बायकोसाठी कायदा उभा करू नये. त्याच्या लगेच पुढची दोन वचनं मात्र अगदी सोपी आहेत: प्रभूमध्ये स्त्री पुरुषावेगळी नाही आणि पुरुष स्त्रीवेगळा नाही, स्त्री पुरुषापासून झाली तसा पुरुष स्त्रीच्या पोटी येतो, आणि सगळं देवापासून आहे. तुमच्या गटात दहाव्या वचनापर्यंत येऊन पुस्तक मिटत असावेत असं तुझ्या पत्रावरून वाटतं.

अधिकाराबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे.

पती मस्तक आहे, हे मी नाकारत नाही. लिहिलेलं आहे ते आहे. पण अकराव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात तीन जोड्या आहेत: पुरुषाचं मस्तक ख्रिस्त, स्त्रीचं मस्तक पुरुष, ख्रिस्ताचं मस्तक देव. मधली जोडी नीट कळायची तर बाजूच्या दोन बघाव्या लागतात. देव ख्रिस्ताचं मस्तक आहे, तर तो काय करतो? योहानाच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायाच्या पस्तिसाव्या वचनात आहे की पिता पुत्रावर प्रीती करतो आणि त्याने सर्व काही त्याच्या हाती दिलं आहे. हाती दिलं आहे! तुझ्या मिस्टरांनी तुझ्या हातातून काढून घेतलं. आणि ख्रिस्त मंडळीचं मस्तक आहे, तर तो काय करतो? इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल पतीला सांगतो, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती कर, आपल्या शरीराचं पालनपोषण करतोस तसं तिचं कर. त्याच्या आधीच्या एकविसाव्या वचनात सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन असावं असं म्हटलंय. बायकोकडून अधीनता वसूल करून घे, असा हुकूम पतीला त्या अध्यायात कुठेच दिलेला नाही. बायकोला सांगितलंय ते बायकोला सांगितलंय, तिने ते प्रभूकडे पाहून मनापासून द्यायचं. पतीने स्वतःच्या वाट्याची वचनं वाचावीत, ती संख्येनेही जास्त आहेत.

आणखी एक. नवरा-बायकोच्या नात्यात एकाचा दुसऱ्यावर अधिकार आहे असं पौल उघड म्हणतो ते करिंथकरांस त्याच पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, चौथ्या वचनात. तिथे पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार सांगितलाय, आणि त्याच दमात पतीच्या शरीरावर पत्नीचा. त्या काळात पहिलं वाक्य कुणीही म्हटलं असतं. दुसरं वाक्य ऐकून करिंथचे पुरुष नक्की दचकले असतील. तुझ्या मिस्टरांनी अकराव्याच्या आधी सातवा वाचायला हवा होता.

अब्राहामाची बायको सारा, तिचं उदाहरण तुला ऐकवत असतील, ती त्याला धनी म्हणायची म्हणून. उत्पत्ती या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात देव त्याच अब्राहामाला सांगतो, सारा जे म्हणते ते ऐक. आणि ज्या करिंथात हे पत्र गेलं, तिथेच पौल प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विल्ला यांच्या घरी राहून त्यांच्याबरोबर तंबू करायचा. पुढे इफिसात अपुल्लोससारख्या विद्वानाला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला तो या दोघांनी मिळून.

आपल्याजवळचंही सांगते. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शेवटच्या काळात साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची मंडळी मांडली. ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. त्या काही वर्षांनी आल्या, स्वतःच्या मनाने, स्वतःच्या विश्वासाने. टिळक तापट होते, त्यांचा संसार सुखाचाच होता असं मी म्हणणार नाही. पण बायकोचा विश्वास नवऱ्याच्या हुकमाने येत नाही, हे त्या घरात दिसलं.

आता काय करायचं ते.

उपासनेत पदर घे. तुला आवडतो, तर त्यांच्या हट्टापायी तुझी आवड सोडू नकोस. मीही प्रार्थनेला बसताना घेते. घरात आणि ड्युटीवर तुझ्या सोयीने राहा. बोलायचं असेल तेव्हा सुट्टीच्या दिवशी बोल, सासूबाई आणि मुलगी समोर नसताना. वाद घालू नकोस; 'करिंथकरांस पहिलं पत्र पहिल्या अध्यायापासून रोज एक असं दोघं मिळून वाचू या' एवढंच म्हण. माणूस वचनाचा भुकेला आहे, नाहीतर वर्षभर त्या गटात गेला नसता. ती भूक खरी असेल तर तो सातव्या अध्यायाशी अडेल आणि विचार करेल. तुमच्या जुन्या मंडळीच्या पाळकांना, शक्यतो त्यांच्या पत्नीसह, घरी चहाला बोलव. आणि महिला मंडळात जायला लाग. पहिल्या दिवशी प्रार्थना चालवू नकोस, नुसती बस. बाकीच्या बाया तुला ओळखतात.

कार्ड परत माग. शांतपणे, पण स्पष्ट. दिलं नाही तर बँकेत जाऊन जुनं बंद करून नवीन घे. खातं तुझं आहे, पगार तुझा आहे. हे मी वचनाच्या बाहेर जाऊन सांगत नाही. घरखर्च दोघांनी मिळून ठरवा, त्यात तुझा वाटा मोकळ्या मनाने दे. मात्र तुझ्या कमाईवर ताबा ठेवून तुला पैशासाठी तोंड वेंगाडायला लावणं हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळात मोडतं, एवढं तुला ठाऊक असू दे. हात उगारण्यापर्यंत गोष्ट गेल्याचं तू लिहिलं नाहीस. गेली असेल आणि लिहायला लाज वाटली असेल, तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन कर आणि काही दिवस माहेरी जा. येशूचा शिष्य पेत्र त्याच्या पत्रात पतींना बजावतो की पत्नीला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांना अडथळा येणार नाही. तुझ्या मिस्टरांच्या प्रार्थनेची ज्यांना काळजी असेल त्यांनीही तुला सोसत घरातच राहायला सांगू नये.

मुलीला ओढणीची भीती बसू देऊ नकोस. तिला सांग, प्रार्थनेत आई पदर घेते कारण आईला देवासमोर तसं उभं राहायला आवडतं. तुला मोठी झाल्यावर आवडलं तर घे. आणि रात्री झोपताना तिच्याकडून मोठ्याने प्रार्थना करून घे, तिच्या शब्दांत, बाप घरात असताना. त्यांनाही ती ऐकू येऊ दे.

तुझी,
मावशी