वेल माजला, रताळं पोसलं नाही: खत आणि वाफशाबद्दल

गेल्या पंधरवड्यात रताळ्याबद्दल आलेले बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात. इंदूरजवळच्या सांवेरच्या एका काकांचं म्हणणं, "वेल गुडघाभर वाढलेत, पाय ठेवायला जागा नाही, पण खणलं तर बोटाएवढी मुळं. पोटॅश कमी पडलं का? आता ००:००:५० (पाण्यात विरघळणारं पोटॅशचं खत) फवारू का?" देपालपूरहून विचारणा आहे की पाणी किती दिवसांनी द्यावं. महूच्या ताईंची रताळी काढणीआधीच तडकली. आणि राऊच्या एका तरुण भावाला सोयाबीन निघालेल्या रानात आता रताळं लावायचंय, खत म्हणून घरचं कोंबडीखत वापरायचंय. चौघांनाही एकत्रच उत्तर देतो.

काका, तुम्ही पिशवीत घालून आणलेला वेल मी मुळासकट धुऊन पाहिला. एका वेलाला अकरा मुळं होती, त्यातली आठ पेन्सिलीसारखी लांब. त्यातलं एक आडवं कापायला गेलो तर चाकू मध्येच अडला, आत काडीसारखा चिवट गाभा. उरलेल्या तिघांपैकी एक कापलं तेव्हा सुरी सरळ गेली आणि कापल्या जागी दुधाळ चीक आला. तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर या दोन कापांत आहे.

रताळं म्हणजे फुगलेलं मूळ. बटाट्यासारखं ते खोडाचं फुगीर टोक नव्हे. आपण वेलाचा फाटा मातीत पुरतो, त्याच्या पेरांपासून मुळं फुटतात आणि पहिल्या चार ते सहा आठवड्यांत ठरतं की कुठलं मूळ पोसायचं आणि कुठलं निबर व्हायचं. पोसणाऱ्या मुळात नव्या पेशींचा थर भराभर वाढतो आणि पिष्ट साठत जातं. ज्याचा गाभा आधीच लाकडासारखा कडक झाला ते मूळ पुढे पाणी शोषतं, पण फुगत नाही. त्यावर नंतर पोटॅश टाका नाहीतर फवारा, कडक झालेलं लाकूड मऊ होत नाही. म्हणून काका, त्या आठ मुळांसाठी ००:००:५० चे पैसे घालवू नका.

गाभा लवकर कडक कशानं होतो? माती फार कोरडी पडली तर, माती दाबून घट्ट झाली तर, आणि मुळाशी पाणी साचून हवा कोंडली तर. शिवाय याच दिवसांत युरिया जास्त पडला तर वेलाला पाला वाढवायची घाई होते आणि साखर खाली उतरतच नाही. तुम्ही सांगितलंत की लावणी सपाट वाफ्यात केली, तिसऱ्या आठवड्यात अख्खी गोणी युरिया दिला, त्यावर आठ दिवस पावसाची झड होती. म्हणजे कोंडलेली हवा आणि उधळलेलं नत्र, दोन्ही एकाच वेळी, नेमक्या नाजूक दिवसांत. आपली माळव्याची काळी माती पाणी धरते ही तिची थोरवी, गव्हा-हरभऱ्याला ती वरदान आहे. पण रताळ्याला तीच माती सपाट रानात गुदमरवते. इथे सरी-वरंब्याशिवाय रताळं लावू नये, हे माझं ठाम मत आहे. वरंबा चांगला फूटभर उंच, दोन वरंब्यांत ६० सें.मी., दोन फाट्यांत २० सें.मी. सरीतून पाणी वाहून गेलं पाहिजे, मुळं वर भुसभुशीत मातीत राहिली पाहिजेत.

खताचं प्रमाण सांगतो. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी ५० किलो नत्र, २५ किलो स्फुरद, ५० किलो पालाश (म्हणजेच पोटॅश) आणि ५ टन शेणखत अशी आहे. एकराला नत्र २०, स्फुरद १०, पालाश २० किलो. गोणीच्या भाषेत म्हणाल तर युरिया सुमारे ४३ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट साधारण ६२ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश ३३ किलो. शेणखत २ टन. सुपर मिळालं नाही आणि डीएपी (स्फुरदासोबत नत्रही असलेलं खत) वापरलं तर ते २२ किलो पुरे, पण त्यातून ४ किलो नत्र जातं, म्हणून युरिया ३५ किलोवर आणा. हा हिशोब बहुतेक जण चुकवतात आणि डीएपी वरून परत पूर्ण युरिया टाकतात.

सगळं सुपर, सगळं पोटॅश आणि अर्धा युरिया लावणीच्या वेळी. उरलेला अर्धा युरिया चार-पाच आठवड्यांनी, खुरपणी करून मातीची भर लावताना. त्यानंतर युरियाचा दाणाही नको, मग पाला फिकट दिसो की शेजारचा वेल जास्त हिरवा दिसो. इथेच आपण घसरतो. सोयाबीन, कापूस, मिरची या पिकांत पानं बघून खत द्यायची आपल्याला सवय, आणि रताळ्याचा माल तर मातीखाली असतो.

पोटॅशचं काम खरं आहे, ते नाकारत नाही. पानात तयार झालेली साखर मुळापर्यंत न्यायला आणि तिथे पिष्टात बदलायला पालाश लागतं, आणि हे पीक नत्रापेक्षा पालाश जास्त उचलतं. पण आपल्या काळ्या रानांत पालाश बहुधा बऱ्यापैकी असतं, उलट जस्त आणि गंधक कमी सापडतं. म्हणून आधी माती तपासून मृदा आरोग्य पत्रिका काढा. पालाश "जास्त" आलं असेल तर पोटॅश अर्ध्यावर आणलं तरी चालेल. जस्त कमी असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या, सुपरसोबत मिसळू नका.

आता देपालपूरचा प्रश्न. पाणी किती दिवसांनी, याला मी दिवस सांगितले तर तुम्ही ते दिवस पाळाल आणि रान चुकेल. काळ्या रानात थंडीत १०-१२ दिवस सहज निघतात, मुरमाड हलक्या जमिनीत ६-७ दिवसांत मुळं तहानतात. मातीलाच विचारा. वरंब्याच्या कुशीत वीतभर खोल हात घाला, मूठभर माती काढून दाबा. बोटांना चिकटली, चकाकली, तर अजून पाणी नको. लाडू झाला आणि अंगठ्यानं दाबल्यावर फुटला तर तोच वाफसा, थांबा. लाडू वळलाच नाही, माती भुरभुरली, तर उशीर झालाय, आजच पाणी द्या. आपल्याकडे वाफसा हा एकच शब्द ओल आणि हवा दोन्ही सांगतो, आणि रताळ्याला दोन्ही एकदम हवं असतं. लावणीनंतर पहिले ४० दिवस वाफसा कधी मोडू देऊ नका. त्यानंतर पाऊस आठवडाभर लांबला तरी मोठं नुकसान होत नाही. ठिबक असेल तर थोडं थोडं आणि वारंवार. नसेल तर सरी अर्धीच भरा, वरंब्याचा माथा बुडवू नका.

ताई, तुमच्या तडकलेल्या रताळ्यांचं कारण याच्याच उलट्या टोकाला आहे. भाद्रपदात पावसानं ओढ दिली, रान भेगाळलं, मग तुम्ही मोटर रात्रभर चालू ठेवली. कोरड्यात साल घट्ट झालेली असते, आत एकदम पाणी शिरलं की गर फुगतो आणि साल उभी फाटते. कोरडं पडलेलं रान एका रात्रीत भरू नका, हलकी दोन पाणी चार-पाच दिवसांच्या अंतरानं द्या. भेगांचा दुसरा त्रास सोंड्या भुंग्याचा. तो स्वतः फार खोल खणत नाही, आपल्या रानाच्या भेगेतून थेट रताळ्यापर्यंत उतरून अंडी घालतो, आणि पोखरलेलं रताळं शिजवल्यावर कडू लागतं. भेग दिसली की त्याच दिवशी खुरप्यानं माती ओढून बुजवा. भर लावणं हे खत घालण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. एकरी चार-सहा कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर भुंगे ओढणारे) लावलेत तर भुंगा आला की लगेच कळेल.

काढणीआधी दोन आठवडे पाणी तोडा. पण काळी माती दगडासारखी होऊन खणताना रताळी तुटायला लागली, तर काढणीच्या दोन-तीन दिवस आधी एक हलकं पाणी द्यायला हरकत नाही. तुटलेली आणि साल सोललेली रताळी मंडीत टिकत नाहीत.

राऊच्या भावाचं कोंबडीखत चालेल, पण ते पक्कं कुजलेलं असावं आणि हिशोबात धरलेलं असावं. त्यात साधारण २ टक्के नत्र धरलं, तर ५ क्विंटलमधून १० किलो नत्र येतं, म्हणजे एकराच्या गरजेचं निम्मं. तेवढं घातलंत तर लावणीचा युरिया अजिबात नको. सोयाबीनच्या मागे रान आधीच थोडं श्रीमंत असतं, तेव्हा दुसरा हप्ताही हात राखून द्या. ट्रॉलीभर कोंबडीखत ओतून लावलेलं रताळं म्हणजे गुरांचा चारा होतो, आणि चारा म्हणून तो वेल खरंच उत्तम असतो, पण चाऱ्यासाठी आपण रान अडवलेलं नाही.

सोयाबीनचा भुसा मात्र जाळू नका, ही माझी मनापासून विनंती. १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड आपल्याच इंदुरात होते, आणि शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून खत करायची जी पद्धत त्यांनी इथे बसवली, तिला जगभर इंदूर पद्धतच म्हणतात. ढीग ओला ठेवायचा, पण पाणी गळेल इतका नाही, आणि हवा खेळावी म्हणून वरखाली करायचा. तीनेक महिन्यांत खत तयार. आता रचलात तर आषाढाच्या लावणीला ते वरंब्यात घालता येईल आणि काळी माती मोकळी होईल.

भाऊ, आत्ता लावलेलं रताळं थंडीत सावकाश वाढेल. खरिपात ११०-१२० दिवसांत येणारं पीक आणखी काही आठवडे घेईल, तेव्हा महाशिवरात्रीचा बाजार धरायचा असेल तर लावणी या आठवड्याच्या पुढे ढकलू नका. बेणं वेलाच्या शेंड्याकडचं घ्या, चार-पाच पेरांचं, भुंगा नसलेल्या रानातलं. आणि इंदूरच्या चोइथराम मंडीत शकरकंद (रताळ्याचं हिंदी नाव) विचारा, गराडू नाही. सराफ्यात तळून मिळतो तो गराडू वेगळ्या कुळातला कंद आहे, त्याचं खतपाणी याला लागू होत नाही.

काका, तुमच्या रानात जी मुळं पोसायला लागली आहेत ती वाढतील. युरिया बंद, भर लावा, पेरांपासून सरीत रुजलेले वेल एकदाच अलगद उचलून ठेवा, उलटे करू नका. देवउठनी ग्यारशीच्या (कार्तिकी एकादशीच्या) बाजारासाठी घाई न करता १२० दिवस पुरे होऊ द्या. आणि पुढच्या हंगामात लावणीपासून ४५ व्या दिवशी रानाच्या तीन कोपऱ्यांतला एकेक वेल खणा, मुळं आडवी कापा. सुरी सरळ गेली आणि चीक आला तर निर्धास्त राहा. चाकू अडला तर त्याच दिवशी मला फोन करा.