इतिवृत्तात न बोललेली वाक्यं

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा सगळ्यांना सांगून मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि एका फुकट ॲपमधून तिचा मजकूर काढला. लिफ्टच्या ठरावावर सगळे गप्प बसले होते, पण मजकुरात तिथे कोणीच न बोललेली दोन वाक्यं आहेत. ॲपवाला म्हणतो, आत 'व्हिस्पर' आहे, त्याचं मॉडेल कार्ड वाचा. ते काय असतं? — एक सचिव, सोलापूर

उत्तर : सचिवसाहेब, कार्ड वाचा म्हणणारा ॲपवाला भेटला हेच विशेष! व्हिस्पर हे बोलणं ऐकून त्याचा मजकूर करणारं एआय मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेली संगणक-प्रणाली; आणि मॉडेल कार्ड म्हणजे अशा मॉडेलचं माहितीपत्रक. मॉडेल कशावर शिकलं, कोणत्या कामासाठी आहे, कुठे चुकतं, हे बनवणाऱ्याने त्यात लिहून द्यावं, असं मार्गारेट मिचेल, टिम्निट गेब्रू आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २०१९ साली मांडलं. चुकांचा सरासरी आकडा पुरत नाही, माणसांच्या कोणत्या गटाबाबत किती चुकतं ते वेगवेगळं सांगा, हा त्यातला खरा आग्रह. त्याला कारणही होतं. आदल्याच वर्षी जॉय बुओलाम्विनी आणि गेब्रू यांनी चेहरा बघून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या तीन प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक १ टक्क्याच्या आत, सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र ३४.७ टक्क्यांपर्यंत.

व्हिस्परचं कार्ड ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने गिटहब या प्रोग्रॅम ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवलंय. वरचं कौतुक सोडा, मर्यादांचा भाग आधी वाचा. तुमची तक्रार तिथे छापलेलीच आहे : ध्वनिमुद्रणात नसलेला मजकूरही येऊ शकतो. शिकवणीसाठी वापरलेलं ध्वनिमुद्रण ६,८०,००० तासांचं, त्यातलं ६५ टक्के इंग्रजीचं. बाकीच्या ९८ भाषांचं बोलणं आणि त्याच भाषेतलं लिखाण मिळून १७ टक्के. त्यात आपली मराठी! जिथे साहित्य कमी तिथे अचूकता कमी, हेही कार्डातच कबूल केलंय.

तेव्हा हा मजकूर कोण कधी बोललं ते शोधायला वापरा. ठरावाचे शब्द, रकमा, सूचक-अनुमोदकांची नावं मात्र मूळ रेकॉर्डिंग ऐकूनच लिहा आणि ती दोन वाक्यं खोडा. रेकॉर्डिंग पुसू नका, उद्या कोणी हरकत घेतली तर तेच कामी येईल.

ॲपवाल्यालाही दोन गोष्टी विचारा. व्हिस्परची कोणती आवृत्ती, स्मॉल की लार्ज? नाव एकच असलं तरी कामात पुष्कळ फरक पडतो. आणि मराठीसाठी त्याने वरून काही शिकवलंय का? शिकवलं असेल, तर ओपनएआयचं कार्ड दाखवून त्याची सुटका नाही, त्याने स्वतःचं लिहायला हवं.