कर्जबाजारी प्रदेशाला आपत्तीत मदत देताना हिशेब कसा मागावा?

तुम्ही विचारले आहे की, आधीच कर्जात बुडालेल्या प्रदेशाला आपत्तीनंतर दिलेला पैसा वाया जाणार नाही, हे कसे पाहायचे. मी लेखापरीक्षणात नोकरी केली आहे, आणि पोर्तो रिकोचे उदाहरण पाहता माझे मत असे आहे की, हिशेब कडक असावाच, पण त्याच्या नावाखाली मदत अडकून पडू नये.

20 सप्टेंबर 2017 रोजी ‘मारिया’ चक्रीवादळ या अमेरिकी बेटावर आदळले, तेव्हा त्याच्या डोक्यावर 70 अब्ज डॉलरहून अधिक कर्ज होते आणि 2016 च्या कायद्याने नेमलेले वित्तीय देखरेख मंडळ त्याच्या अंदाजपत्रकावर लक्ष ठेवून होते. तरीही तिथल्या दिवाळखोर वीज मंडळाने 30 कोटी डॉलरचे काम वादळाच्या वेळी अवघे दोन पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या मोंटानातील कंपनीला दिले. ओरड झाल्यावर ते रद्द झाले. पण अमेरिकेच्या संघीय आपत्ती यंत्रणेने, म्हणजे ‘फेमा’ने, 3 कोटी जेवणांचा ठेका दिलेल्या कंपनीनेही जेमतेम 50 हजार जेवणे पोहोचवली. त्यामुळे गैरव्यवहाराची भीती फक्त बेटाच्या सरकारकडूनच आहे, हा युक्तिवाद मला पटत नाही.

याहून मोठी हानी विलंबाने झाली. फेमाचा पुनर्बांधणीचा निधी बहुतांशी ‘आधी खर्च, मग प्रतिपूर्ती’ या पद्धतीने मिळतो. ज्या नगरपालिकेकडे कंत्राटदाराला पहिला हप्ता द्यायलाही रोकड नाही आणि जिला कोणी उधार देत नाही, तिने खर्च करायचा कशातून? पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिलेल्या हजारो कुटुंबांचे दुरुस्तीचे अर्ज तर मालकीचा नोंदणीकृत कागद नाही म्हणून फेटाळले गेले, आणि छपरांवरची निळी ताडपत्री तशीच राहिली. मृतांचा सरकारी आकडा आधी 64 होता. वादळानंतरच्या सुमारे सहा महिन्यांतले मृत्यू धरून तो 2,975 झाला.

म्हणून अन्न, पाणी, औषधे आणि वीज यांसाठी ठरावीक रक्कम आगाऊ द्यावी, प्रत्येक ठेका आणि देयक त्याच आठवड्यात जाहीर करावे, आणि सखोल तपासणी मागाहून करावी. त्या तपासणीत केवळ पावत्या पाहून भागत नाही. जानेवारी 2020 च्या भूकंपानंतर पोन्से शहरातील एका गोदामात पाण्याच्या बाटल्या, खाटा आणि लहान मुलांचे लंगोट न वाटता पडून असल्याचे लोकांना आढळले. खरेदीची कागदपत्रे कितीही चोख असली, तरी असा साठा त्यांतून दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी गोदामाचे कुलूप उघडून माल मोजावा लागतो.