तात्पर्य तोंडपाठ, वागणं मात्र तेच!

पत्र :

ताई, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. मुलगा साडेसहा वर्षांचा, धाकटी तीन वर्षांची. मुलाला चांगलं वळण लागावं म्हणून रोज रात्री मी त्याला एक बोधकथा वाचून दाखवते आणि शेवटी विचारते, "मग यातून काय शिकलास?" तो घडाघडा सांगतो, "वाटून खावं", "मोठ्यांचा मान राखावा". दुसऱ्या दिवशी बहिणीच्या हातातलं बिस्कीट हिसकावतो. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना "ए, पाणी दे" म्हणतो. परवा पाहुण्यांसमोर असंच बोलला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात सासूबाई त्याला चिऊ-काऊची गोष्ट सांगतात, तीसुद्धा शेवटी कावळा तव्यावर भाजतो अशी. मी म्हटलं, पोराच्या मनावर परिणाम होईल. त्या म्हणतात, "आमची पोरं काय बिघडली काय?" शिवाय हा प्रत्येक गोष्टीला फाटे फोडतो. चिऊ-काऊ ऐकताना मध्येच म्हणाला, "कावळा भिजला होता ना, मग चिऊनं दार का नाही उघडलं?" मी सांगितलं, आळशी माणसाचं असंच होतं. आता तर तो म्हणतो, मला गोष्टच नको. एक जण घरी येऊन संस्कारकथांचा संच दाखवून गेलाय, अडीच हजारांचा. घेऊ का?

— एक आई

उत्तर :

ताई, ज्याला तुम्ही फाटे फोडणं म्हणताय, ती तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे.

जरा ती गोष्ट त्याच्या जागेवरून बघा. बाहेर धो धो पाऊस. कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलेलं. आत मेणाच्या घरात चिऊताई म्हणतेय, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, अंग पुसते. थांब, तीट लावते. आपल्याला त्यातला ठेका आवडतो, आपण तो रंगवून रंगवून सांगतो. तुमच्या पोराला मात्र दाराबाहेर कुडकुडणारा कावळा दिसला. दुसऱ्याला थंडी वाजतेय हे त्याला कुणी न सांगता कळलं. रोज रात्री तुम्ही ज्याची वाट बघता ते त्या क्षणी आपणहून आलं होतं, आणि तुम्ही त्याच्या हातावर आळसाचं तात्पर्य ठेवून त्याला गप्प केलंत.

पुढच्या वेळी एवढंच म्हणा, "खरंच रे, का नसेल उघडलं?" आणि थांबा. उत्तर तुमच्या मनासारखं येईलच असं नाही. तो म्हणेल, "मीपण नसतं उघडलं, कावळा पिल्लं खातो." बरोबरच आहे की! कावळे चिमण्यांची पिल्लं उचलतात. दारात भिजलेला शेजारी आणि घरात तान्हं बाळ, यात काय करायचं हा मोठ्यांनाही घाम फोडणारा प्रश्न आहे. त्यावर त्याला डोकं चालवू द्या. "शाब्बास" नको, "चूक" नको.

"काय शिकलास?" हा प्रश्न मात्र आजपासून बंद. त्या प्रश्नानं गोष्टीची परीक्षा होते. पोरगं हुशार आहे, परीक्षेला काय लिहायचं असतं ते त्यानं ओळखलंय. पण दिवसभर शाळा, मग गृहपाठ आणि अंथरुणातही तोंडी परीक्षा म्हटल्यावर कुणीही म्हणेल, गोष्टच नको.

गोष्टी ऐकून मुलं खरंच बदलतात का, हे काही लोकांनी तपासलंय. कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना सांगितलं, मागे खेळणं ठेवलंय, वळून बघू नकोस. मोठं माणूस खोलीबाहेर गेलं की बहुतेकांनी बघितलंच, पोरंच ती. मग त्यांना एक गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, बघितलंस का? "लांडगा आला रे आला" ऐकलेली मुलं काही जास्त खरं बोलली नाहीत. खोटं बोलल्यावर नाक वाढणाऱ्या लाकडी बाहुल्याची गोष्टही उपयोगी पडली नाही. फरक पडला तो छोट्या जॉर्ज वॉशिंग्टननं चेरीचं झाड तोडल्याचं कबूल केलं आणि वडील त्याच्या खरेपणावर खूश झाले, या गोष्टीनं. गंमत पुढे आहे. त्याच गोष्टीचा शेवट बदलून वाईट केला, तर तिचाही असर गेला. म्हणजे खोट्याला कशी अद्दल घडली हे ऐकून मुलं खरं बोलायला लागत नाहीत. खरं बोलल्यावर समोरच्याला बरं वाटतं, हे ऐकून बोलतात.

तिथल्याच संशोधकांचा 2017 चा आणखी एक प्रयोग आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन तऱ्हेनं सांगितली, एकीत माणसं, दुसरीत माणसांसारखे कपडे घातलेले प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले स्टिकर जास्त वाटले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी नाही. म्हणून काय चिऊ-काऊ, भोपळ्यातली म्हातारी यांना घराबाहेर काढायचं? छे. त्या गोष्टी मजेसाठी आहेत, त्यांनी मजाच द्यावी. भोपळ्यातली म्हातारी तर वाघाला चक्क थापा मारून जाते, तिच्याकडून कसलं वळण घ्यायचं? पण वाटून खाण्याबद्दल बोलायचंच असेल, तर हाडामांसाच्या माणसांच्या गोष्टी काढा.

आणि कोल्हापुरात राहून त्या शोधायला लांब कशाला जायचं? गंगाराम कांबळ्यांची सांगा. ते शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. वरच्या जातीच्या लोकांसाठी राखलेल्या हौदातल्या पाण्याला हात लावला म्हणून तिथल्याच माणसांनी त्यांना बेदम मारलं. महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला येणार कोण? तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवायचे, गंगारामांच्या हातचा चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्यांनाही प्यायला लावायचे. राजाच पितोय म्हटल्यावर नाक मुरडणार कोण?

ही गोष्ट सांगताना मार गाळू नका. तो विचारेल, पाण्याला हात लावला म्हणून कुणी मारतं का? त्याचं खरं उत्तर द्यायला तुम्हाला जड जाईल, तरी द्या. गोष्ट झाली की एखाद्या संध्याकाळी त्याला भाऊसिंगजी रोडवरून चालत न्या, हाच तो रस्ता म्हणून दाखवा. "म्हणून आपण सगळ्यांशी चांगलं वागावं" हे शेपूट जोडायचा मोह होईल, तेवढा आवरा.

आता मावशींचं. इथं मी थोडं खडूस बोलणार आहे. बोलण्याची रीत मुलं गोष्टींतून उचलत नाहीत, कानावर पडेल ती उचलतात. त्यांना "ए" म्हणायला तो कुठं शिकला? शाळेत? की स्वयंपाकघरातून कुणीतरी "ए मावशी, एवढं पातेलं राहिलं बघ" म्हणतं ते ऐकून? पत्रात लिहिलेलं नाही म्हणून आणखी एक विचारते, तुमच्याकडे मावशींचा चहाचा कप वेगळा असतो का? खिडकीत पालथा घातलेला, कान तुटलेला? असेल तर गंगारामांची गोष्ट सांगण्याआधी तो कप काढा, नाहीतर पोरगं नेमकं तेच विचारेल आणि तुम्हाला पुन्हा मेल्याहून मेल्यासारखं होईल. तुम्ही "मावशी, दमलात, चहा घेऊनच जावा" असं म्हणा, तुमच्या यजमानांनाही म्हणू दे. पाहुण्यांसमोर त्याला दटावू नका, नंतर एकट्याला गाठून सांगा, "मावशींना अहो म्हणायचं." त्याला एवढं पुरे, कथा नको.

बहिणीच्या बिस्किटाला तर गोष्टीची गरजच नाही. बिस्कीट काढून तिला परत द्या, बस. फक्त त्या वेळी "त्या लबाड कोल्ह्यासारखा करतोस" असं म्हणू नका. मारून मुटकून गोष्ट वापरली की ती गोष्ट कायमची कडू होते.

राहिल्या सासूबाई. त्यांचा तवा त्यांच्याकडेच राहू द्या. या गोष्टीचा शेवट घराघरात वेगळा असतो, कुठं कावळा भाजतो, कुठं चिऊताई त्याला चुलीपाशी ऊब देते. ज्याला दार न उघडल्याचं वाईट वाटतं, त्याला तव्याचंही वाटेल, आणि तो ते आज्जीलाच विचारेल. त्यांची दोघांची जुंपू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. उलट श्रावणात सासूबाईंना खुलभर दुधाची कहाणी सांगायचा आग्रह करा. राजाच्या हुकुमावरून गावातलं सगळं दूध देवाच्या गाभाऱ्यात ओतलं जातं, घरात पोराबाळांना थेंब राहत नाही, तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी मात्र आधी लेकरांना पाजते, वासरांना पाजते, मग उरलेलं खुलभर दूध घेऊन येते, आणि गाभारा भरतो. ज्या गावात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन पोरं मोठी होतात, तिथं वासरू उपाशी ठेवणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. आज्जीच्या तोंडून ऐकलं की तर नाहीच.

संच घेऊ नका. अशा संचांत पानोपानी खाली चौकटीत तात्पर्य छापलेलं असतं, आणि त्याच तात्पर्यांना तुमचं पोरगं कंटाळलंय. अडीच हजारांपेक्षा कितीतरी कमी पैशांत करवीर नगर वाचन मंदिराची वर्गणी भरता येईल. 1850 सालापासून चालू असलेलं वाचनालय आहे, लहान मुलांसाठी काय आहे ते एकदा जाऊन विचारा. पुस्तक त्याला निवडू द्या. त्यानं भुताचं उचललं, राक्षसाचं उचललं, डायनासोरचं उचललं तरी घरी आणा, आणि मागितलं तर तेच आठवडाभर रोज वाचा.