पॉइंटचे अंतर : पाते की ड्वेल मीटर?

प्रश्न : वडिलांच्या जुन्या पेट्रोल अँबेसिडरचे सी. बी. पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणारे संपर्कबिंदू) मी फीलर गेजने, म्हणजे ठराविक जाडीच्या पात्याने, १५ थाउवर (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावतो, तरीही मुंबईहून परतताना कसारा घाटात इंजिन अडखळते. ड्वेल मीटर घ्यावा काय?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : अवश्य घ्यावा. ल्युकास कंपनीच्या डिस्ट्रिब्यूटरसाठी (पॉइंट ज्यात बसतात तो, सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) १४ ते १६ थाउ, म्हणजे सुमारे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, हे अंतर योग्यच आहे. परंतु वापरलेल्या पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा तयार होत असल्याने सपाट पाते उंचवट्यावरच टेकते आणि प्रत्यक्ष अंतर मोजमापापेक्षा जास्त राहते. (पाते तेलकट असेल, तर पॉइंट जळतात ते वेगळेच.)

ड्वेल मीटर अंतर मोजतच नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याच्या एका फेरीत प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला येणाऱ्या ९० अंशांपैकी पॉइंट किती अंश मिटलेले राहतात, ते तो दाखवतो. आपल्या गाडीत हा कोन सुमारे ६० अंश हवा. अंतर वाढले की तो घटतो आणि कॉइलला (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या गुंडाळीला) भरण्यास वेळ अपुरा पडतो; मग ठिणगी दुबळी होऊन इंजिन अडखळते. इंजिनाचा वेग वाढवताना काटा बराच हलला, तर डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याचे बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) झिजले असण्याचा संभव आहे, आणि हा दोष पात्याने कधीच कळत नाही.

पॉइंट हलवले की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, सरकते. म्हणून ती वेळ तपासण्याचा दिवा, टायमिंग लाइट, नेहमी त्यानंतरच लावावा.