घरातल्या जुन्या रविवर्मा चित्राची किंमत कशी ठरवावी?

गिरगावातील आजोळच्या घरी सापडलेल्या, राजा रविवर्मांच्या लक्ष्मीच्या छापील चित्राचे मोल आपण विचारले आहे. आधी ते भिंगाखाली पाहावे. सारख्या अंतरावर ओळीने बसलेले रंगीत ठिपके दिसले, तर ती नंतरची ऑफसेट छपाई असून तिची किंमत बहुधा चौकटीपुरतीच राहते. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मांच्या छापखान्यातील ओलिओग्राफ (तैलचित्रासारखे दिसणारे छापील चित्र) मात्र शिळाछापाचे, म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेले असत. त्यामुळे त्यांतील ठिपके अनियमित दिसतात आणि खालच्या कडेला अनेकदा छापखान्याचे नाव आढळते. अर्थात तेही घरोघरी पोचण्याइतके छापले गेले, म्हणून केवळ जुनेपणाला फारसा भाव नाही. कागदाची अवस्था, न कापलेला समास आणि वर केलेले जरी-टिकल्यांचे काम पाहिले जाते. चौकट मात्र स्वतः उघडू नये, कारण कागद काचेला चिकटलेला असू शकतो.